मुलाखतीला नेण्याजोगी चूक

नोकरीसाठी तयारी अशी मी आयुष्यात एकदाच केली, आणि ती सगळी तयारी म्हणजे स्वतःची एक चूक शोधणं होतं. आज सांगताना हसू येतं. तेव्हा येत नव्हतं.

वयाची शेहेचाळीस वर्षं झालेली. त्यातली एकोणीस चाकणच्या एका कंपनीत गेलेली. गाड्यांचे पत्र्याचे भाग बनवायचो आम्ही. एका सोमवारी साहेबांनी सगळ्यांना कँटीनमध्ये बोलावून सांगितलं की प्रेस शॉप इथून हलणार, मशीन दुसऱ्या राज्यातल्या नव्या प्लांटला जाणार. मशीन जाणार म्हणजे काळजीपूर्वक, फोम-बिम लावून, ट्रेलरवर चढवून. माणसांचं काय, तर माणसांना एक घड्याळ आणि पुढच्या वाटचालीसाठी शुभेच्छा. माझ्या नवऱ्याची, सुधाकरची, मणक्याच्या दुखण्यामुळे नोकरी आधीच सुटलेली. मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. घरात पगार येणारं दार एकच होतं आणि तेच बंद झालं.

तीन महिने अर्ज करत होते. या वयाच्या बाईला फोन येतात ते फक्त कर्ज हवंय का विचारायला. त्यात एक दिवस प्लेसमेंटवाल्याचा फोन आला. एका विमा कंपनीच्या रिस्क विभागात जागा आहे, कारखान्यांना विमा देण्याआधी तिथले धोके तपासायचे, मुलाखत चिंचवडला, आजपासून अकराव्या दिवशी.

"मॅडम, एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो," तो म्हणाला. "तिथले साहेब बाकी काही विचारोत न विचारोत, एक प्रश्न हमखास विचारतात. तुमच्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक सांगा. माझी दोन माणसं ‘चूक झालीच नाही’ म्हणाली. पाच मिनिटांत बाहेर. तेव्हा एक चांगली चूक तयार ठेवा."

चांगली चूक! मी फोन ठेवला आणि सुधाकरला सांगितलं. तो पलंगावर पडल्या पडल्या म्हणाला, "तुला सापडत नसेल तर मला विचार. माझ्याकडे यादी आहे. पहिलं नाव माझंच आहे."

आता हा धंदा काय, ते आधी सांगते. ‘रिस्क मॅनेजमेंट’ म्हटलं की लोकांना शेअर बाजार आठवतो. चाकणला मी हेच काम बघायचे, आणि आमचा धोका साधा असतो. काय पेटू शकतं, काय पडू शकतं, कुणाचा हात कुठं सापडू शकतो. प्रत्येक धोक्याला दोन प्रश्न विचारायचे. हे घडायची शक्यता किती, आणि घडलंच तर नुकसान किती. दोन्हीला एक ते पाच मार्क द्यायचे, गुणाकार करायचा. आकडा मोठा आला की रकाना लाल, मधला पिवळा, लहान हिरवा. मग लालच्या मागे हात धुऊन लागायचं. दूध उतू जाणार की नाही याचा अंदाज असलेल्या कुणालाही हे जमेल, फक्त कागदावर करून खाली सही करावी लागते. त्या सहीपाशीच भल्याभल्यांचा हात अडखळतो.

आम्हाला माल पुरवणारी भोसरीची वर्कशॉपंही मला तपासावी लागायची. एका मालकानं इलेक्ट्रिक पॅनेलच्या आत लिंबू-मिरची टांगली होती. वाळून कोळसा झालेली, वायरींच्या मधोमध. म्हटलं, "अहो दादा, निदान बाहेर तरी टांगा." तर म्हणाला, "मॅडम, नजर आतल्या वायरिंगलाच लागते. दोनदा जळलंय." त्याला विचारलं, तुमच्या इथं काय काय धोके आहेत. तो म्हणाला, "एकच. तुम्ही न सांगता येता." या माणसानं पुढं पॅनेल बदललं, पण लिंबू-मिरची नव्या पॅनेलच्या दारावर आली. तेवढ्यावर मी तह केला.

तर चूक. माझी भाची प्राची माणच्या एका आयटी कंपनीत आहे. ती रविवारी आली, लॅपटॉप उघडला आणि माझी शाळा सुरू झाली. "मावशी, चूक अशी सांगायची की ऐकणाऱ्याला तुझं कौतुक वाटलं पाहिजे. म्हणजे, मी फार बारकाईनं काम करते त्यामुळे वेळ लागतो, असलं काहीतरी."

"ही चूक आहे?"

"नाहीच. तीच तर गंमत आहे."

"आणि तिथले साहेब काय दूधखुळे आहेत?"

प्राचीनं हात टेकले. मग खरीच पण झेपेल अशी एखादी चूक शोधायचं ठरलं. आठवून आठवून एक सापडली. चाकणच्या प्लांटमध्ये आग लागली तर बाहेर पडायचा आणि अग्निशमनचा बंब आत घ्यायचा आराखडा मी केला होता. मागच्या गेटमधून बंब येईल असं ठरवलं, रंगीत नकाशा काढला, मोठ्या साहेबांनी शाबासकी दिली. सराव घेतला बाजाराच्या दिवशी. चाकणचा कांद्याचा बाजार ज्यांना ठाऊक आहे त्यांना पुढचं सांगायला नको. गेटबाहेर कांद्याच्या ट्रकांची रांग, ड्रायव्हर चहाला गेलेले. बंब ट्रकांमागे अर्धा तास घंटा वाजवत उभा. आतले आमचे सहाशे लोक मैदानात रांगेत उभे राहून टाळ्या वाजवताहेत. नकाशा मी रविवारी काढला होता, तेव्हा रस्ता मोकळा होता. नंतर गेट बदललं.

"वा! मावशी, ही मस्त आहे," प्राची म्हणाली. "कुणाला लागलं नाही, तू सुधारणा केलीस, वर जरा हसायला पण येतं." तिनं ती इंग्रजीत बसवून दिली. शेवटी ‘यातून मी काय शिकले’ अशा तीन ओळी. मी त्या पोळ्या लाटताना म्हणायचे, कपडे वाळत घालताना म्हणायचे. सुधाकरला इतकी पाठ झाली की मी अडले की आतून तो पुढची ओळ सांगायचा.

पण चूक शोधायला बसलं की पाहिजे तेवढीच सापडत नाही हो. कांद्याचे ट्रक आठवले त्याच दिवशी दुसरीही आठवली, आणि ती काही केल्या परत जाईना.

ती सांगायची तर प्रेस मशीन म्हणजे काय ते सांगायला हवं. शंभर टनांचा दाब वरून खाली येतो आणि पत्र्याचा भाग तयार होतो. मध्ये हात असेल तर त्याचाही पत्रा होतो. म्हणून मशीनच्या तोंडाशी दोन खांब असतात. एका खांबातून दुसऱ्या खांबाकडे न दिसणारे किरण जातात. हात मध्ये आला की किरण तुटतो आणि प्रेस जागच्या जागी थांबते. आमची मुलं त्याला ‘पडदा’ म्हणायची. खांबावर काळी, उभी, चकचकीत काच असते. किरण त्या काचेतून येतो. डाय, म्हणजे साचा, बसवताना वगैरे पडदा थोडा वेळ बंद ठेवायला एक चावी असते. ती फिटरकडं असते. चावी फिरवली की पडदा आंधळा.

मी नुकतीच सेफ्टी आणि रिस्कची इनचार्ज झाले होते. खंडेनवमीला शॉपमध्ये यंत्रांची पूजा. मशीन धुऊन पुसून, झेंडूच्या माळा घालून. पूजेनंतर मशीन रिकामं ठेवायचं नाही, थोडे तरी पार्ट काढायचे असा शिरस्ता. मी बौद्ध घरातली. माझे वडील पिंपरीच्या एका कारखान्यात टर्नर होते. ते खंडेनवमीला मशीनला तेल द्यायचे, चकाचक पुसायचे, हात जोडायचे नाहीत आणि पेढा मात्र खायचे. तर पूजेचं ताट माझ्यापुढं आलं. "ताई, शॉपमध्ये तुम्ही एकट्या बाई. कुंकू तुमच्या हातानं लागू दे." नाही म्हटलं असतं तर कुणी फाशी दिलं नसतं. पण नवी इनचार्ज, सत्तर पुरुष बघताहेत, सगळ्यांची तोंडं आनंदी. मी ताट घेतलं. प्रत्येक मशीनला ओल्या हळदीकुंकवाची पाच पाच बोटं. चार नंबरच्या प्रेसपाशी आले आणि मला वाटलं, ती काळी चकचकीत पट्टी किती छान दिसतेय, त्यावर कुंकू उठून दिसेल.

सेफ्टीची इनचार्ज! पडद्याच्या काचेवर माझ्या हातानं मी कुंकू लावलं. वाचणाऱ्यानं कपाळावर हात मारला तरी माझी हरकत नाही, मी कितीदा मारलाय.

काचेवर कुंकू, त्यामुळे किरण पोचेना, त्यामुळे प्रेस चालू होईना. माल न्यायला गाडी उभी. सगळे म्हणाले सेन्सर गेला. विलास तुपे नावाचे आमचे फिटर होते, मावळातल्या गावचे, हुशार माणूस. सुपरवायझर डोक्यावर उभा, "विलास, चालू कर, चालू कर." त्यांनी चावी फिरवली. पडदा आंधळा झाला, प्रेस चालू झाली, पूजेचे पार्ट निघाले. चावी तशीच राहिली. तासाभरानं सोपान नावाच्या ऑपरेटरचा पार्ट तिरका बसला. रोजच्या सवयीनं त्यानं हात आत घातला, पडदा आहेच म्हणून. पाय पेडलवर होता. प्रेस खाली आली.

त्याच्या हातमोज्याची तीन टोकं सपाट झाली. बोटं एवढ्याशा अंतरानं मागं होती. तो मोजा मी हातात घेऊन बघितला. सोपान हसत होता, त्याला हसू आवरत नव्हतं. मग तो एकदम खाली बसला आणि रडला.

चौकशी माझ्याकडं. आमच्या कामात एक पद्धत आहे, पाच वेळा ‘का’ विचारायचं. हात आत का गेला? सवयीनं, पडदा आहे म्हणून. पडद्यानं का थांबवलं नाही? चावी फिरवलेली होती. चावी का फिरवली? प्रेस चालू होत नव्हती. का होत नव्हती? सेन्सरचा दोष. चौथ्या ‘का’वर मी थांबले. पाचवा विचारला असता तर काचेवर कुंकू निघालं असतं, आणि सहावा विचारला असता तर बोट निघालं असतं माझं. चौकशीच्या दिवशी सकाळी मी काच बघायला गेले तेव्हा ती स्वच्छ होती. कुणी पुसली ते मी विचारलं नाही. सुटल्यासारखं वाटलं. अहवालावर सही केली. विलासभाऊंना मेमो मिळाला, त्या वर्षी होणारं त्यांचं चार्जहँडचं प्रमोशन गेलं. दोन वर्षांनी त्यांनी कंपनी सोडली.

मी काय केलं, तर पुढच्या वर्षापासून पूजेचं ताट मीच पहिली उचलायची. कुणाच्याही हातात जाऊ द्यायची नाही. पडद्याची काच सोडून बाकी सगळीकडं कुंकू लावायची. लोक म्हणायचे, "मॅडमची लई श्रद्धा हाय." वडील तर हबकलेच. "काय गं, नोकरी करतेस का पुजारीण झालीस?" मी काय सांगणार? चौदा वर्षं मी हे केलं. एकदा ताप असताना गेले, एकदा सासूबाईंना दवाखान्यात ठेवून गेले.

तर मुलाखतीला चार दिवस राहिले असताना मी सुधाकरला हे सगळं पहिल्यांदा सांगितलं. तो पलंगावर उठून बसला. मग म्हणाला, "हे तिथं सांगशील तर गेलीस. अहवालात अर्धवट लिहिलं म्हणणारीला धोके तपासायला कोण ठेवील? तू आपले कांदे सांग."

"तेच सांगणार आहे."

"मग रडतेस कशाला?"

दुसऱ्या दिवशी मी स्कूटर काढली आणि भोसरीला गेले. विलासभाऊंनी एमआयडीसीत भाड्याचा गाळा घेतलाय एवढंच माहीत होतं. दोन तास फिरून सापडला. डोळ्याला चष्मा, केस पांढरे, हातात कानस. मला बघून म्हणाले, "या ताई. आज इकडं कशी काय वाट चुकली?"

स्टुलावर बसले आणि पाणी प्यायच्या आत सगळं सांगून मोकळी झाले. कुंकू माझ्या हातानं लागलं होतं, म्हणून प्रेस बंद पडली होती, ते मी अहवालात लिहिलं नाही. आता मुलाखतीत सगळ्यात मोठी चूक विचारणार आहेत, तेही सांगितलं.

त्यांनी कानस खाली ठेवली. "कुंकू व्हय? ते म्याच पुसलं की. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पारी."

"तुम्हाला माहीत होतं? मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? कुंकवानं मशीन बंद पडलं, ते बराबरच केलं त्यानं. दिसंना म्हनल्यावर थांबायचंच आसतं. थांबलेलं चालू म्या केलं. चावी माझ्या खिशात हुती, तुमच्या न्हाई."

"पण खरं लिहिलं असतं तर तुमचा मेमो..."

"मेमो मिळायचा तो मिळालाच आसता. तुमाला आनिक एक मिळाला आसता." त्यांनी कानस पुन्हा हातात घेतली. "पन राग आला हुता ताई, खोटं कशाला सांगू. कुंकवाचा न्हाई. त्या दिसापास्नं तुमी माझ्या तोंडाकडं बघून बोलायच्या बंद झाल्या. त्याचा."

ते खरं होतं. शॉपमध्ये ते समोरून आले की मी पॅनेल तपासायला वळायचे. मला वाटायचं कुणाच्या लक्षात येत नाही.

"चुकलं माझं, विलासभाऊ. माफ करा."

"बरं केलं, आला. आता सांगून टाका तिथं मुलाखतीत."

"नोकरी जाईल."

"आजून मिळाली कुठं हाय?" असं म्हणून ते मोठ्यानं हसले. मग बोट उगारून म्हणाले, "पन सांगाल तर नाव घेऊन सांगा. विलास तुपे. उगा ‘एक फिटर’ म्हनू नका." आणि पोराला हाक मारल्यासारखी शेजारच्या टपरीला हाक मारली, "ए, दोन चा पाठव रं."

येताना नाशिक फाट्याला सिग्नलवर उभी होते आणि पंधरा वर्षांनी मला मोकळा श्वास येत होता. धूर होता, धूळ होती, तरी येत होता.

मुलाखत खंडेनवमीच्या दोन दिवस आधी होती. एवढं सगळं झाल्यावर मी तिथं जाऊन ताठ मानेनं खरं सांगितलं असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. समोर तीन माणसं. मधले साहेब पन्नाशीचे, बोलणं शांत, समोर काही कागद नाही. अर्धा तास बाकीचं झालं, बरं झालं. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक सांगा."

मी घाबरले आणि कांदे सांगितले. नकाशा, बाजार, ट्रक, बंब, शेवटच्या तीन ओळी. डावीकडच्या बाई हसल्या, उजवीकडच्यांनी लिहून घेतलं. मधले साहेब म्हणाले, "छान सांगितलंत. पण हे सांगताना तुम्ही एकदाही अडखळला नाहीत. चूक सांगताना माणूस अडखळतो."

मी मान खाली घातली. मनात सुधाकर म्हणत होता, कांद्यावरच थांब. आणि तोंडातून निघालं, "अजून एक आहे, साहेब. मराठीत सांगू का?"

"सांगा."

सांगितलं. अडखळत सांगितलं. नाव घेऊन सांगितलं, विलास तुपे. मोज्याची तीन टोकं सांगितली, चौथा ‘का’ सांगितला, चौदा वर्षं मीच ताट उचलत होते तेही सांगितलं. शेवटचं सांगताना मला थोडा अभिमानही वाटत होता, की बघा, मी भरपाई केली, पुन्हा कधी होऊ दिलं नाही.

साहेबांनी विचारलं, "काचेवर कुंकू लावू नये, हे कुठं लिहिलेलं आहे?"

"लिहिलेलं नाही, साहेब. मी असायचे ना."

"त्या प्रेस आता कुठं आहेत?"

"दुसऱ्या राज्यात. नव्या प्लांटला."

"तिकडंही पूजा होत असेल."

"होणारच. त्या राज्यात तर फार मोठी करतात."

"परवा तिथं ताट कोण उचलणार आहे?"

खोलीत पंखा फिरत होता. तीन महिने मी नोकरी गेली नोकरी गेली म्हणून रडत होते, आणि माझ्याबरोबर त्या मशीनवरचं आणखी काय गेलं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. जो धोका मी सांभाळला असं म्हणत होते तो कागदावर कुठंच नव्हता. कुंकू ही चूक नव्हतीच. गप्प बसले ही चूक होती, आणि ती अजून चालू होती.

"मला माहीत नाही, साहेब," मी म्हटलं.

"ठीक आहे. झालं आमचं. या तुम्ही."

नोकरी गेली हे मला कळलं. जिन्यातून खाली येताना त्याचं काही वाटलं नाही, वाटायला वेळच नव्हता. पार्किंगमध्ये उभी राहून मी निखिलला फोन लावला. आमच्यातला हा एकच तरुण इंजिनिअर, मशीन बसवून द्यायला सहा महिन्यांसाठी तिकडं गेला होता. दोनदा उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला.

"मॅडम! कशा आहात? इथं पूजेची तयारी चाललीय. पहिलीच पूजा, मोठे साहेब येणारेत. प्रत्येक मशीनला—"

"निखिल, पडद्याच्या काचेला कुंकू लावायचं नाही. ऐकतोयस? प्रत्येक प्रेसच्या. काच झाकून ठेव, आणि पूजा झाली की स्वतः काढ. कुठलीही प्रेस चालू झाली नाही तर चावी फिरवायची नाही. आधी काच पुसायची."

"मॅडम, चावी? चारही चाव्या इथं मशीनलाच लावून ठेवलेल्या असतात."

"काढ त्या! आत्ता काढ!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की वॉचमन बघायला आला.

त्याच संध्याकाळी मी जुन्या कंपनीला मेल लिहिला. काय झालं होतं, कुंकू कुणी लावलं, अहवालात काय राहिलं, विलास तुपे यांना मेमो देताना काय विचारात घेतलं गेलं नाही, सगळं. काचेला झाकण लावायची पद्धत पाच ओळींत. खाली सही. प्राचीनं इंग्रजी सुधारू का विचारलं, मी नको म्हटलं. दुसऱ्या दिवशी आमच्या जुन्या साहेबांचा फोन आला, "अहो, पंधरा वर्षांनी हे उकरायची काय गरज होती?" म्हटलं, "गरज होती, साहेब." त्यांनी फोन ठेवला.

खंडेनवमीला मी घरीच होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दुपारपर्यंत चार वेळा चहा केला आणि चारही वेळा गार करून ओतला. सुधाकर म्हणाला, "बस की जरा. तिकडं मशीनला माळा घालताहेत आणि इकडं मला चक्कर येतेय." अडीचला निखिलचा मेसेज आला. पूजा झाली, काचा झाकलेल्या होत्या, चाव्या कपाटात होत्या, चारही प्रेस पहिल्या फटक्यात चालू झाल्या. खाली फोटो होता, झेंडूच्या माळेतली चार नंबरची प्रेस, आणि तिच्या दोन्ही खांबांना कापडाची पिवळी खोळ. मी तो फोटो मोठा करून करून बघितला. मग विलासभाऊंना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "खोळ बरी हाय. पन पत्र्याची पायजे. मी करून देतो."

नोकरीचा फोन आठ दिवसांनी आला. मी भाजी घेऊन जिना चढत होते. त्या विमा कंपनीतल्या बाई होत्या, मुलाखतीला डावीकडं बसलेल्या.

"साहेबांनी एकच विचारायला सांगितलंय. खंडेनवमीच्या पूजेचं तुम्ही काही केलंत का?"

मी म्हटलं, "केलं." काय केलं ते सांगितलं, मेल कुठल्या दिवशी गेला ते सांगितलं, खोळीच्या फोटोचंही सांगितलं. पलीकडं कागदाची सळसळ झाली.

"मग एक तारखेला या. पत्र आज पाठवतेय."

मी जिन्याच्या पायरीवरच बसले. पिशवी कलंडली, टोमॅटो दोन पायऱ्या खाली गेले, आणि मला असं रडू फुटलं की थांबेचना. खालच्या मजल्यावरच्या देशमुख काकू दार उघडून धावत आल्या. माझा हात धरला, चेहरा पांढराफटक. "काय झालं गं? काय फोन आला? कोण गेलं का?"

"कुणी नाही हो, काकू," मी म्हटलं. "सगळ्यांची बोटं जागच्या जागी आहेत."